स्वस्तात मिळालेली महाग मोटार



एरवी आपली भेट होते ती हुमणी, बोंडअळी, माती परीक्षण, नाहीतर ठिबकच्या नळ्यांत साचणाऱ्या क्षारांच्या निमित्ताने. आज विषय मोटारीचा आहे. शेतीखात्याच्या माणसाने मोटारीवर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. पण गेल्या सात-आठ वर्षांत ज्या ज्या गावांवरून मोठा रस्ता गेला, कालवा गेला किंवा जिथे औद्योगिक वसाहत आली, त्या गावांत बियाण्याइतकाच हा एक प्रश्न मला विचारला गेला आहे : "साहेब, पन्नास लाखांची गाडी नऊ लाखांत मिळते आहे. घेऊन टाकू का?"

विचारणारा बहुधा तिशीतला असतो. मोबाइलमध्ये गाडीचे दहा-बारा फोटो असतात. गाडी जर्मन बनावटीची, काळी किंवा पांढरी, दहा-बारा वर्षांची, आतून कातडी आसने आणि वर उघडणारे काचेचे छत. मीटरवर सत्तर-ऐंशी हजार किलोमीटर. वडील शेजारी बसलेले असतात, पण ते काही बोलत नाहीत.

हौसेला माझा विरोध नाही, हे आधीच सांगतो. आपल्याकडे शर्यतीचा बैल बाळगणारी घरे आहेत, त्यांना कोणी वेडे म्हणत नाही. पण बैल बाळगणाऱ्याला त्याचा खुराक पाठ असतो. गाय विकत घेताना आपण दूध किती देते हे विचारतो, तसेच खाते किती आणि कितवे वेत आहे हेही विचारतो. ही मोटार घेताना मात्र फक्त दूध विचारले जाते. तिच्या खुराकाचा हिशेब सरळ आहे. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. नऊ लाखांत घेतलेल्या गाडीचा दिवा फुटला तर जो नवा दिवा येतो तो पन्नास लाखांच्या गाडीचाच असतो, आणि त्याची किंमतही तशीच असते. एका बाजूच्या दिव्याला लाख-दीड लाख सांगितलेले मी स्वतः ऐकले आहे. तेवढ्यात आपल्याकडे एक बरी म्हैस येते.

मग अशा गाड्या एवढ्या स्वस्त का होतात? पहिला मालक पैसेवाला असतो. कंपनीची हमी आहे तोवर तो गाडी वापरतो. हमी संपली, मोठे खर्च जवळ आले, की तो गाडी काढतो. दुसरा मालक किरकोळ डागडुजीवर दोन-तीन वर्षे ओढतो. तिसऱ्याच्या, म्हणजे आपल्या दारात ती येते तेव्हा इतकी वर्षे पुढे ढकललेले सगळे खर्च तिच्या पोटात असतात. आपल्या मराठवाड्याचेच पाहा. २०१० साली औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींनी एकत्र येऊन मर्सिडीजच्या दीडशेच्या जवळपास गाड्या एकदम खरेदी केल्या होत्या. देशभर त्याची चर्चा झाली. अशा हौसेने घेतलेल्या गाड्या कधी ना कधी दुसऱ्या-तिसऱ्या हाती जातातच. दुसरे कारण दिल्लीचे. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांना बंदी केली, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०२५ साली न्यायालयाने त्यात फेरफार केले, पण मधल्या काळात दहा वर्षांच्या उंबरठ्यावरच्या किती तरी भारी डिझेल गाड्या ना-हरकत दाखला घेऊन दुसऱ्या राज्यांत उतरल्या. गाडी वाईट म्हणून स्वस्त झाली असे नाही. पण स्वस्त का झाली हे न विचारता घेणे वाईट.

आता या गाड्यांची दुखणी. सगळी सांगत बसलो तर अंक पुरायचा नाही. पण काही दुखणी जगभर नावाजलेली आहेत.

सगळ्यांत खर्चिक दुखणे गिअरबॉक्सचे. या गाड्यांचे गिअर आपोआप बदलतात. बीएमडब्ल्यूच्या आणि इतरही बऱ्याच गाड्यांत हा गिअरबॉक्स झेडएफ नावाच्या जर्मन कारखान्याचा असतो. हा कारखाना १९१५ साली विमानासारख्या उडणाऱ्या प्रचंड फुग्यांचे, म्हणजे झेपेलिनचे, दंतचक्र बनवण्यासाठी निघाला. माल उत्तम. पण मोटार कंपन्यांनी काय केले, की या गिअरबॉक्सचे ऑइल 'आयुष्यभर बदलावे लागत नाही' असे सांगून टाकले. कोणाच्या आयुष्यभर, ते मात्र सांगितले नाही. खुद्द झेडएफ म्हणते की ऐंशी हजार ते एक लाख वीस हजार किलोमीटरच्या दरम्यान किंवा आठ वर्षांत ऑइल बदलावे. तुम्ही ट्रॅक्टरचे गिअर ऑइल तासांवर मोजून बदलता. ते कंपनीने सांगितले नसते तरी बदलले असते, कारण काळे झालेले ऑइल तुम्ही बोटावर घेऊन पाहता. इथे पाहायला साधी कांडीसुद्धा दिलेली नसते. खालचे पात्र प्लॅस्टिकचे असते आणि गाळणी त्यातच बसवलेली, म्हणून ऑइलबरोबर पात्रही बदलावे लागते. या कामाला पस्तीस-चाळीस हजार लागतात. ते न केल्यास पुढे गिअर बदलताना झटका बसतो, आणि गिअरबॉक्स उघडायची पाळी आली तर आकडा दोन-तीन लाखांवर जातो.

दुसरे दुखणे साखळीचे. इंजिनातल्या झडपा वेळेवर उघडाव्यात म्हणून आत एक साखळी फिरते. ती पुढच्या बाजूला असते तेव्हा मिस्त्री रेडिएटर काढून तिच्यापर्यंत पोहोचतो. बीएमडब्ल्यूच्या एन-४७ या दोन लिटरच्या डिझेल इंजिनात ती मागे, गिअरबॉक्सकडच्या तोंडाला बसवली आहे. २००७ ते २०११ च्या सुमाराच्या इंजिनांत ती साखळी आणि तिच्या पट्ट्या लवकर झिजत, असा जगभरचा अनुभव आहे. साखळी हजार-पाचशेची असती तरी तिच्यापर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स किंवा सगळे इंजिनच खाली उतरवावे लागते. म्हणून काम लाखाच्या घरात जाते. ती चालत्या गाडीत तुटली तर इंजिनच बदलायचे. तुटण्यापूर्वी ती बोलते. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर मागच्या बाजूने खरखर ऐकू येते. तो आवाज विकणाऱ्यालाही ठाऊक असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

तिसरे दुखणे धुराचे. डिझेल गाडीत थोडा धूर थंड करून पुन्हा इंजिनात सोडतात, म्हणजे हवा कमी बिघडते. तो थंड करणाऱ्या भागातून पाणी झिरपले आणि ते आतल्या काजळीत मिसळले, की तापल्यावर पेट घेऊ शकते. २०१८ च्या उन्हाळ्यात दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या गाड्या, त्यातही ५२०-डी, एकामागून एक पेटू लागल्या. कंपनीने जाहीर माफी मागितली आणि त्या देशात एक लाखाहून अधिक गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या. तपासणी न झालेल्या गाड्या चालवायला तिथल्या सरकारने मनाई केली होती. पुढे जगभर अशा गाड्यांचा हा भाग बदलून देण्यात आला. जुनी गाडी घेताना हे काम झाले आहे की नाही, ते चासी नंबरावरून कंपनीच्या अधिकृत दुकानात विचारता येते. विचारायला पैसे पडत नाहीत.

चौथे दुखणे मला फार ओळखीचे वाटते, कारण ते लोहाराच्या भात्यासारखे आहे. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आणि इतरही काही उंची गाड्यांत स्प्रिंगऐवजी रबरी भाते असतात. एक छोटा पंप त्यांत हवा भरतो आणि गाडी तरंगत चालते. आठ-दहा वर्षांत रबराला बारीक भेगा पडतात. हवा सुईच्या टोकाएवढ्या छिद्रातून जाते, म्हणून दिवसा काही कळत नाही. पंप मात्र ती हवा भरून काढण्यासाठी सारखा चालत राहतो आणि शेवटी जळतो. म्हणजे भात्याचे दुखणे पंपाला लागते. आपल्या ठिबकमध्ये कुठे तरी गळती असली की मोटारीवर ताण येतो, तसेच हे. रात्री उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसली तर त्याच आठवड्यात भाता बदलावा. उशीर केला की दोन्ही बदलावे लागतात.

टायरचे दोन शब्द सांगतो. यांतल्या बऱ्याच गाड्यांना जादा चाक, म्हणजे स्टेपनी, नसते. टायरच असे जाड कडांचे असतात की पंक्चर झाले तरी ताशी ऐंशीच्या वेगाने साधारण ऐंशी किलोमीटर जाता येते. जर्मनीत तेवढ्यात दुकान येते. आपल्याकडे खड्ड्यात त्या जाड कडेला फुगा आला की टायर बाद, आणि तसला टायर तालुक्याच्या गावी मिळत नाही. एकाला वीस ते तीस हजार पडतात.

आणखी एक गोष्ट फक्त आपल्या गावांची. डिझेल. तुमचा फवारणीचा एचटीपी पंप तीस-चाळीस किलोच्या दाबावर चालतो. या इंजिनांत डिझेल सोळाशे ते दोन हजार बार दाबाने अगदी बारीक छिद्रांतून फवारले जाते. कॅनमधले, बॅरलमधले, पाण्याचा अंश असलेले डिझेल ट्रॅक्टर एक वेळ पचवील. या गाडीला ते विष आहे. एक इंजेक्टर पंचवीस-तीस हजारांचा, आणि ते चार किंवा सहा असतात. उंदीर तर आपल्या घरचेच. गोठ्याशेजारी किंवा कडब्याच्या गंजीजवळ उभ्या केलेल्या गाडीतल्या तारा त्यांनी कुरतडल्या, तर कोणती तार कुठली हे शोधायलाच गॅरेजवाल्याचे दोन दिवस जातात आणि त्या दोन दिवसांचे पैसे आपण देतो. साधी बॅटरी बदलली तरी काही गाड्यांत ती संगणकावरून नोंदवावी लागते.

हे सगळे मी पुस्तकातून वाचून लिहीत नाही. मेहकर तालुक्यातल्या माझ्या चुलत पुतण्याच्या गाडीची बिले मी त्याच्या अंगणात बसून बेरजेला लावली आहेत. समृद्धी महामार्गात त्यांची साडेतीन एकर जमीन गेली. मोबदल्यातून बहिणीचे लग्न झाले, घरावर स्लॅब पडला आणि अठरा लाख शिल्लक राहिले. माझ्या चुलतभावाच्या, म्हणजे दादाच्या, मनात ते पैसे विहीर खोल करायला आणि उरलेल्या पाच एकरांना पाइपलाइन व ठिबक करायला ठेवायचे होते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा खुला झाला. आपल्याच जमिनीवरून दुसऱ्यांच्या गाड्या वाऱ्यासारख्या जाताना तो पोरगा रोज पाहत होता. मला त्याचे मन कळते. २०२३ च्या सुरुवातीला त्याने पुण्याहून अकरा वर्षांची गाडी नऊ लाखांना आणली. कंपनीचे नाव मी मुद्दाम घेत नाही. दुसऱ्या कोणत्या कंपनीची असती तरी बिलांत फार फरक पडला नसता.

पहिला खर्च टायरचा. त्या वर्षी समृद्धीवर टायर फुटून अपघात होऊ लागले, म्हणून परिवहन खात्याने प्रवेशाच्या जागी टायर तपासून झिजलेल्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली होती. याची गाडीही परत आली. चार टायर, एक लाख चार हजार. मग पुढच्या चाकांचे लोखंडी हात आणि त्यांचे रबर, पंच्याऐंशी हजार. गावच्या रस्त्याने ते गेले होते. बॅटरी अठ्ठावीस हजार. पावसाळ्यात धुराच्या भागाची सफाई आणि त्याचा नवा गारवा, सत्तर हजार. दिवाळीच्या आसपास मागची बाजू रोज सकाळी बसू लागली. पोराने दोन महिने ती तशीच चालवली. शेवटी दोन भाते एक लाख वीस हजार, आणि जळालेला पंप पासष्ट हजार. सर्वांत शेवटी गिअरबॉक्सचे ऑइल, पात्र आणि सफाई, बेचाळीस हजार. चौदा महिन्यांची बेरीज पाच लाख चौदा हजार. यात विमा, डिझेल आणि दीडशे किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरला दोनदा सपाट ट्रकवर घालून नेल्याचे भाडे धरलेले नाही.

२०२३ चा पाऊस त्या भागात कमी झाला, हे तुम्हाला आठवत असेल. २०२४ च्या मार्चमध्ये विहीर तळाला गेली. दीड एकर संत्र्याची बाग होती. नेमके त्याच आठवड्यात गॅरेजवाल्याचा निरोप आला, की टर्बो गेला आहे, एक लाख ऐंशी हजार लागतील. मी गेलो तेव्हा दादा ओसरीवर बसून होता. पोरगा फोनवर होता. सूनबाईने पाणी आणून ठेवले आणि म्हणाली, "काका, गाडी तिकडं उभी हाय अन् झाडं इकडं उभी वाळू लागली. पैसा एकाच जागी जाणार. तुमीच सांगा, कुठं?"

मी काही सांगितले नाही. सांगायची गरज पडली नाही. पोराने तिथेच फोन ठेवला आणि गाडी आहे त्या स्थितीत काढायला सांगितली. चार लाख आले. टँकरने पाणी घालून बाग जगवली, तरी चाळीसेक झाडे गेली. विहीर त्या उन्हाळ्यात पंधरा फूट खाली नेली. ठिबक पाच एकरांना व्हायचे ते अडीच एकरांना झाले.

आता दुसरी बाजू. याच रस्त्यालगतच्या एका गावात दुधाचा धंदा करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे तशीच बारा वर्षांची जर्मन गाडी पाच वर्षे बिनतक्रार चालते आहे. त्यांनी गाडी सात लाखांना घेतली आणि त्याच दिवशी तीन लाख वेगळे बँकेत ठेवले. त्या पैशाला घरातला कोणी हात लावत नाही. घेतल्या घेतल्या गिअरबॉक्सचे ऑइल, सगळ्या गाळण्या, पाण्याच्या प्लॅस्टिकच्या नळ्या आणि टाकी बदलून टाकली, कारण हे प्लॅस्टिक वयाने कुरकुरीत होऊन फुटते आणि पाणी गेलेले इंजिन पाच मिनिटांत बसते. दोष वाचणारे छोटे यंत्र त्यांनी स्वतः घेतले आहे. म्हशीचे तापमान घ्यावे तसे ते महिन्याला गाडीला लावून पाहतात. मुख्य म्हणजे भाग कुठून घ्यायचा हे त्यांनी शोधून काढले. गिअरबॉक्सचे पात्र मोटार कंपनीच्या खोक्यात घेतले तर एक भाव, आणि तेच पात्र ज्याने बनवले त्या झेडएफच्या खोक्यात घेतले तर बराच कमी भाव. दिवे, पंप, गाळण्या, सगळ्यांचे असेच. बनवणारा वेगळा असतो, मोटार कंपनी फक्त आपले नाव घालते.

यावरून एक गोष्ट सांगतो, शेतकऱ्याच्याच मुलाची आहे. इटलीत फेरुचिओ लॅम्बोर्गिनी नावाचा द्राक्षबागाईतदाराचा मुलगा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्याच्या टाकाऊ यंत्रांतून तो ट्रॅक्टर बनवू लागला आणि १९४८ साली त्याने ट्रॅक्टरचा कारखाना काढला. पैसा आल्यावर त्याने फेरारी घेतली. तिचा क्लच वारंवार जाई. सांगतात असे, की त्याने एकदा तो आपल्याच कारखान्यात उघडला, तर आत तोच क्लच निघाला जो तो ट्रॅक्टरला बसवत होता. फेरारीवाले मात्र त्याचे कितीतरी पट पैसे घेत. ही गोष्ट शंभर टक्के अशीच घडली की सांगता सांगता गोड झाली, ते सोडून देऊ. १९६३ साली त्याने स्वतःचा मोटारींचा कारखाना काढला, आणि आज ती मोटार कोट्यवधींना विकली जाते, हे मात्र खरे. लॅम्बोर्गिनी नावाचे ट्रॅक्टर अजूनही निघतात. तो स्वतः म्हातारपणी मोटारी सोडून उंब्रिया प्रांतात द्राक्षे पिकवायला गेला.

तर जुनी भारी गाडी चालवता येते. तीन गोष्टी हव्यात : बाजूला काढलेला पैसा, जवळचा जाणता मिस्त्री, आणि गाडी चार दिवस उभी राहिली तरी घरचे काम अडू नये अशी दुसरी सोय. दूधवाल्यांकडे दुधाची पिकअप वेगळी आहे. पुतण्याकडे दवाखान्यात जायलाही तीच एक गाडी होती.

नुसत्या वेगासाठी बनवलेल्या गाड्यांबद्दल एकच सांगतो, कारण त्यांचे फोटोही मला दाखवले जातात. बीएमडब्ल्यूची एम-५ नावाची एक गाडी २००५ ते २०१० या काळात निघत होती. दहा सिलिंडर, पाचशे सात अश्वशक्ती. ती जगाच्या बाजारात आता मूळ किमतीच्या मानाने स्वस्त मिळते. तिच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे झिजतात, म्हणून शहाणे मालक बिघाड होण्याची वाट न पाहता ती आधीच बदलून घेतात. तिच्या गिअरचा दाबाचा पंप आणि हवेच्या झडपा चालवणारी छोटी यंत्रेही जातात. रॉडची बेअरिंग गेली की काय होते ते विहिरीवर डिझेल इंजिन चालवलेल्या माणसाला सांगायला नको. इथे तशा दहा कांड्या आहेत. हे जनावर आपल्या गोठ्यातले नव्हे.

ज्यांना एवढे वाचूनही गाडी घ्यायचीच आहे, त्यांनी निदान अशी पाहून घ्यावी.

कागद आधी. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या परिवहन कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, लागतो, आणि महाराष्ट्रात पुन्हा नोंदणी करताना कर भरावा लागतो. तो मूळ किमत आणि वय पाहून ठरतो, तुम्ही दिलेल्या नऊ लाखांवर नव्हे. कर्जाचा बोजा उतरला असल्याचे बँकेचे पत्र आणि नमुना ३५ पाहा. नावावर करण्यासाठी २९ आणि ३० नंबरचे नमुने पहिल्याच दिवशी सही करून घ्या. थकलेले दंड सरकारी परिवहन संकेतस्थळावर दिसतात. विम्याचा कागद वाचा. झीज होऊन बिघडलेले इंजिन-गिअरबॉक्स साधा विमा भरून देत नाही. पुराच्या पाण्यात इंजिन चालू केल्याने झालेले नुकसानही वेगळे संरक्षण घेतले नसेल तर मिळत नाही.

पुराची गाडी ओळखायला शिका. २०१५ साली चेन्नईला पूर आला, त्यानंतर पाण्यातून निघालेल्या भारी गाड्या लिलावात अगदी कवडीमोलाने गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून देशभर फिरतात. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतल्या भागावर चिखलाची रेघ दिसली तर तिथूनच परत फिरा. जाजम उचलून हात घाला, डिकीच्या तळाशी पाहा. काही गाड्यांत संगणकाच्या पेट्या तिथेच असतात. आपल्या कोल्हापूर-सांगलीच्या मंडळींना २०१९ नंतर हे सांगावे लागत नाही.

टायरच्या कडेवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. चारही टायर वेगवेगळ्या कंपन्यांचे असतील तर समजावे, की मालकाने पैसा वाचवून गाडी ओढली आहे. मीटरवरच्या किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. अधिकृत दुकानातली जुनी नोंद मागा, तिथे दर वेळचा आकडा असतो. संगणक लावून तपासणी करायला दोन-तीन हजार लागतात, ते द्या. ज्याच्याकडून गाडी घेताय त्याच्याच ओळखीच्या गॅरेजात मात्र ती करू नका.

आणि गाडी पाहायला सकाळी लवकर जा. थंड इंजिन चालू करून कान द्यायचा असतो, आणि रात्रभर उभी असलेली गाडी कुठे बसली आहे का तेही तेव्हाच दिसते. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर मालकाने तुम्ही यायच्या आधी इंजिन चालवून ठेवले आहे. काही बोलू नका, चहा घ्या, घरी या. चार दिवसांनी न कळवता पुन्हा जा.